शेजारणीची पौर्णिमा

सासूबाईंना लंडनमध्ये सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, तर वीकेंडचा. आमचा हॅरोचा गणपती शनिवारी बसायचा आणि रविवारी उठायचा. पाडवा जवळच्या रविवारी, दिवाळी ज्या शनिवारी शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी. "देवांनासुद्धा तुम्ही लोकांनी वीकेंडची ड्यूटी लावलीय," असं त्या म्हणायच्या आणि पुण्याहून गुंडाळी करून आलेलं कॅलेंडर किचनच्या भिंतीवर हाताने दाबून सरळ करत बसायच्या. तिथी बघायची आणि त्यातून साडेपाच तास वजा करायचे, हा त्यांचा रोजचा सकाळचा उद्योग होता.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात माझे सासरे गेले. आईंना (मी सासूबाईंना आईच म्हणते) वाईला एकटं ठेवायचं नाही म्हणून आम्ही त्यांना स्टॅनमोरला, आमच्या लंडनच्या घरी, आणलं. व्हिसा कायमचा मिळाला, पण मन तात्पुरतंच आलं होतं. "वर्षभर राहते," त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. "पुढच्या वर्षीची भाऊबीज झाली की मी निघाले. त्रिपुरी पौर्णिमेला मला घाटावर असलं पाहिजे." वाईला त्रिपुरीच्या संध्याकाळी त्या आणि सासरे जोडीने कृष्णेत दिवे सोडायचे. त्यात कधी खंड पडला नव्हता. माझ्या नवऱ्याने लगेच मान डोलावली, कारण आईचा शब्द तो कधीच मोडत नाही.

मला मात्र त्या राहायला हव्या होत्या. घरकामाला किंवा मुलीला सांभाळायला नव्हे. मी भूलतज्ज्ञ आहे. दिवसभर माणसांना झोपवायचं आणि परत जागं करायचं, हे माझं काम. संध्याकाळी घरी आले की आई दारातच विचारायच्या, "काय गं, आज सगळे उठले ना?" आणि "उठले" म्हटल्यावरच चहाचं आधण ठेवायच्या. माझी आई मी लहान असतानाच गेली. घरी आल्यावर आपली वाट बघून कोणीतरी असा प्रश्न विचारणं किती मोठी गोष्ट असते, हे मला पस्तिशीत कळलं. पण सुनेने सासूला "जाऊ नका" म्हणायचं म्हणजे कसं, कोणत्या तोंडाने?

पहिल्या वर्षीची त्रिपुरी आली. आईंनी साडेसातशे वातींचा जुडगा, त्यांच्या भाषेत त्रिपुरवात, तुपात भिजवून ठेवला होता. घरात लावला असता तर स्मोक अलार्मने गल्ली गोळा केली असती, म्हणून मी त्यांना कोट-मफलर चढवून मागच्या पॅटिओवर नेलं. पाच वाजले होते आणि काळोख पडला होता. वात पेटली ती चांगली हातभर उंच. कुंपणाच्या पलीकडून घाबरलेला आवाज आला, "इज इट अ फायर?"

आमची शेजारीण थाई होती. इंग्रज नवऱ्याशी लग्न करून ती तरुणपणी इकडे आली होती. नवरा जाऊन तीन-चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शाळेच्या लायब्ररीत काम करायची. इतकी वर्षं आमचं "हॅलो" आणि "कचऱ्याचा बिन कधी बाहेर काढायचा" याच्यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. तिने कुंपणावरून डोकावून पाहिलं, आग नाही हे तिला कळलं, आणि मग तिने हातातली वस्तू वर धरून दाखवली. गोल पावाच्या जाड चकतीला केळीच्या पानाच्या पाकळ्या टाचलेल्या, मधे शेवंती, एक मेणबत्ती आणि उदबत्ती. आईंनी विचारलं, "पौर्णिमा?" तिने विचारलं, "फुल मून?" दोघींनी एकदमच माना डोलावल्या.

त्याला क्राथोंग म्हणतात, हे त्या संध्याकाळी कळलं. त्यांच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला थायलंडमध्ये लोक हे तराफे पाण्यात सोडतात आणि वर्षभर पाणी वापरलं, घाण केलं, म्हणून नदीची क्षमा मागतात. तळाला केळीच्या खांबाची चकती लागते. ती इथे कुठून आणणार, म्हणून पाव. पानं वेम्बलीच्या गुजराती दुकानातली. थाई देवळात हा सण रविवारी होणार होता. "तिथेही मी जाते," ती म्हणाली, "जेवण छान असतं. पण चंद्र आज आहे."

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू इतक्या महिन्यांत या देशात त्यांना पहिलं शहाणं माणूस भेटलं. पुढच्या दहा मिनिटांत आम्ही तिघी माझ्या गाडीत होतो. स्टॅनमोरच्या टेकडीवर झाडीत एक तळं आहे. तिथे शेजारणीने आपली मेणबत्ती लावली, वाऱ्याने ती विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. आईंनी पिशवीतून कणकेचा दिवा काढला आणि काही न विचारता तो तिच्या पावावर बसवला. तुपाची वात विझली नाही.

एकच घोटाळा झाला. सोडण्याआधी तराफ्यात आपलं नख किंवा केसाची बट ठेवायची, म्हणजे वर्षभराचं वाईट वाहून जातं, अशी त्यांच्यात रीत आहे. शेजारणीने पर्समधून छोटी कात्री काढली, स्वतःची बट कापली आणि प्रेमाने आईंच्या केसांकडे हात नेला. आई दोन पावलं मागे सरल्या. नवरा जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. बाईच्या केसांना अशा वेळी कात्री लावायची म्हणजे काय, हे आईंनी लहानपणी स्वतःच्या आत्याच्या बाबतीत पाहिलं होतं. मी पुटपुटले, "नख चालेल, आई." त्या फणकारल्या, "दिवेलागणीला नखं काढतात का कोणी?" शेवटी त्यांनी मफलरचा एक धागा ओढून ठेवला. दिवा सासऱ्यांच्या नावाने सोडला आणि गाडीत बसल्यावर पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. शेजारीण मागच्या सीटवरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसली होती.

त्यानंतर वर्षभर दोघींचं मेतकूट जमलं. शेजारीण आईंना 'पी' म्हणायची, म्हणजे थोरली बहीण. आई तिला तोंडावर 'सिस्टर' आणि मागे 'आमची थाईबाई' म्हणायच्या. आईंचं इंग्रजी शाळेतलं, तिचं नवऱ्याकडून शिकलेलं, पण दुपार दुपार गप्पा चालायच्या. तरी भाऊबीजेनंतरचं तिकीट काढून झालं होतं. ही गोष्ट आईंनी तिला सांगितली नव्हती. "सांगेन सवडीने," म्हणायच्या. मी दोन-तीनदा आठवण केली आणि मग सोडून दिलं, कारण ते सांगून झालं की जाणं खरं होणार होतं.

दुसऱ्या वर्षी अधिक अश्विन आला, त्यामुळे आमचे सगळे सण महिनाभर पुढे गेले. थाई पंचांगातही अधिक महिना असतो, पण त्यांचा वेगळ्या वर्षी येतो आणि त्या वर्षी नव्हता. हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मागच्या वर्षी पौर्णिमा एक होती म्हणजे ती कायम एकच असणार, असं दोघींनी परस्पर धरून ठेवलं होतं.

हॅलोवीनच्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी जेवणं होतात तोच शेजारीण दारात, दोन्ही हातांत एकेक तराफा. "पी, आज!" तिचा चेहरा नुसता फुलला होता. आई कॅलेंडरपाशी गेल्या, बोट फिरवलं, परत आल्या. "नो, सिस्टर. आज आमची कोजागिरी. त्रिपुरी नेक्स्ट मंथ."

शेजारणीने तराफे हॉलमधल्या टेबलावर ठेवले. "आज बाराव्या महिन्याची पौर्णिमा आहे," ती हळूच म्हणाली. "मी तुझ्यासाठी पण केला." मग "नो प्रॉब्लेम, पी," म्हणाली आणि एकच तराफा उचलून घरी गेली. ती कधीही वाद घालत नसे.

आई अस्वस्थ झाल्या. किचनमध्ये येरझाऱ्या घालत माझ्याशी भांडायला लागल्या, मी काहीच म्हटलेलं नसताना. "तिथी म्हणजे तिथी. ह्यांच्या नावाचा दिवा मी भलत्याच पौर्णिमेला कसा सोडू? पोचायचा कुठे तो? मी तुम्हा लोकांना वर्षभर नावं ठेवली आणि आता मीच सोयीने सण करू?" मी म्हटलं, "नका सोडू." "मग ती एकटीच जाईल का तळ्यावर?" "जाईल. आधीची वर्षं जातच होती." खरं सांगते, माझाही तोल गेला होता. मी पुढे बोलून गेले, "आणि पुढच्या वर्षीही एकटीच जाणारे, आई. तुम्ही कुठे असणार आहात?"

आई वळून बाहेर गेल्या. मी दूध आटवायला ठेवलं, कोजागिरीचं मसाला दूध करायचं होतं. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं, तर आई पॅटिओवरच्या खुर्चीत, मावळतीच्या उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या आणि नखं काढत होत्या. मी दार उघडताच वर न बघता म्हणाल्या, "दिवेलागणीनंतर चालत नाही. तिला सांग, साडेचारला निघू."

मुलगी शाळेतून येऊन चेटकीण झाली होती, काळी टोपी घालून. "आजी, तू पण येते ट्रिक-ऑर-ट्रीटला? चंद्र बघ, किती मोठी आहे!" तिला बाबाबरोबर गल्लीत सोडून आम्ही तिघी टेकडीवर गेलो. वाटेत घराघरासमोर भोपळ्यांत मेणबत्त्या होत्या. शेजारीण हसून म्हणाली, "आज सगळ्यांचीच पौर्णिमा."

तळ्यावर आईंनी कागदाच्या पुडीतली नखं आपल्या तराफ्यात ठेवली आणि तिला नीट समजावून सांगितलं, "आज हा दिवा मिस्टरांचा नाही. आज तुझी तिथी, मी पाहुणी. मी फक्त पाण्याला सॉरी म्हणते." शेजारणीने नवऱ्याचा आणि आपल्या आईचा मिळून एक सोडला. या वेळी दोन्हीकडे तुपाच्या वाती होत्या. थाईबाई एका हाताने चपला सावरत काठावर उकिडवी बसून राहिली, तराफे बदकांच्या पलीकडे जाईपर्यंत. मग उठली आणि अगदी सहज म्हणाली, "पी, पुढच्या महिन्यात तुझी पौर्णिमा. पाव मी आणते. दोघी इथेच येऊ."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बदकांकडे पाहिलं. यात मी पडायचं नाही हे मला कळत होतं.

"येस," आई म्हणाल्या. "मोठा पाव आण. माझी वात जड असते."

घरी येऊन सगळे दुधाचे पेले घेऊन बागेत उभे राहिलो. थंडी मरणाची, चंद्र मात्र स्वच्छ. आई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "ते तिकीट पुढे ढकलता येतं का बघ."

"पण आई, वाईची त्रिपुरी? घाटावर जायचं होतं ना तुला?"

"वाईला घाटभर दिवे असतात. माझा एक नसला तर कोणाला कळणारे? इथे ती एकटी उभी राहील." मग माझ्याकडे वळून जरा कडक आवाजात, "त्रिपुरी झाली की जाणारच आहे मी." मी जायफळ किसत होते, तशीच किसत राहिले. आनंद दाखवला असता तर त्यांनी शब्द फिरवला असता. जायफळ फार पडलं आणि ते दूध पिऊन माझा नवरा सोफ्यावरच झोपला.

त्रिपुरीला पाऊस होता. चंद्र दिसायची सोयच नव्हती, पण कॅलेंडर म्हणालं पौर्णिमा म्हणजे पौर्णिमा. शेजारणीने अख्ख्या लोफाएवढा पाव आणला होता. मी छत्री धरली, तिने कोटाची कड आडोशाला धरली, आणि आईंनी सासऱ्यांच्या नावाने वात लावली. या वेळी त्या रडल्या नाहीत. तराफा काठाच्या गवतात अडकला तर "अहो, चला की आता पुढे," असं त्याला म्हणाल्या आणि काठीने ढकलला.

परतताना दोघी मागे बसल्या होत्या, गुडघ्यांवर एकच शाल घेऊन. तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. तळ्यावरून उतरताना आईंनी ते शेवटी तिला सांगून टाकलं होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा शेजारणीने विचारलं, "पुढच्या वर्षी आपल्या पौर्णिमा वेगळ्याच येणार का, पी?" अगदी बारीक आवाजात, नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून.

"नाही," आई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुमच्यात अधिक महिना आहे. तूच सांगितलं नाहीस का? मी मोजून बघितलंय. आपली एकच येते."

आणि शाल नीट करत, "तेव्हा पाव जरा आधी आणू. शिळा चांगला तरंगतो."

सिग्नल हिरवा झाला होता. मागची गाडी हॉर्न वाजवत होती आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं.

"काय गं," मागून आईंचा आवाज आला, "उठलीस ना?"