भेस्तान ते पिपलोद: सुरुवात चुकलेला सिनेमा

सुरतेतल्या सुरतेत, भेस्तानहून पिपलोदला सिनेमाला जाण्याला कुणी प्रवास म्हणणार नाही. पण आमच्याकडे तो वर्षातून एखाद्या वेळीच घडतो, म्हणून लिहिते.

कारण आमची जागृती. तिच्या शाळेचं चार दिवसांचं शिबिर डांगच्या जंगलात, आणि नेमकं आखाजीत, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आखाजीला आम्ही अमळनेरकडे गावी जातो. सासूबाई कडुलिंबाला झोका बांधून नातीची वाट पाहतात. शिवाय दहा वर्षांची पोर माझ्याशिवाय कधी झोपलेली नाही. मी नाही म्हटलं. शाळेत सोमवारी सांगायचं होतं. "मग शिबिराचा पिक्चर तरी दाखव," ती म्हणाली. रविवारी यांच्या मिलला सुट्टी होती.

सकाळचा खेळ घ्यावा, स्वस्त पडतो. पूजा उरकून कुलूप लावलं, तोच शेजारच्या हंसाबेननी विचारलं, "क्यां चाल्यां, बेन?"

निघताना कुणी 'कुठे' विचारलं, की आमच्यात तसंच पुढे जात नाहीत. कुलूप उघडलं, आत बसलो, पाणी प्यायलो.

"मम्मी, सुरुवात जाईल ना."

"जाऊ दे. आपण नीट पोहोचू."

उधन्यापर्यंत शेअर रिक्षा, माणशी वीस. पुढे सिटी बस घ्यावी. रिक्षावाले पिपलोदचे वाटेल ते सांगतात. थिएटरच्या दारात रखवालदाराने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं गाठोडं ठेवून घेतलं. "अंदर नहीं चलेगा, माताजी." या माताजीवर हे खुर्चीत बसेपर्यंत हसत होते.

आत गेलो तर पडद्यावर मुलगी तंबूत पोहोचलेली. तिचे वडील खोट्या मिशा लावून शिबिरात स्वयंपाकी झाले होते, लेकीवर नजर ठेवायला. डाळ करपली, मिशी पातेल्यात पडली, लोक खूप हसले. मी तिचं अंथरूण पाहत होते. मुलगी पहिल्या रात्री रडली, दुसऱ्या रात्री झोपली.

बाहेर येऊन झाडाखाली भाकरीचं गाठोडं सोडलं. सोबत एक प्लेट लोचो घेतला, हरभऱ्याच्या डाळीचा हा मऊ वाफवलेला प्रकार तिघांना पुरतो.

"तिनी मायनी त्या पोरले काबर धाडं?" यांनी विचारलं. घरात हे अहिराणीच बोलतात, 'काबर' म्हणजे का.

जागृती लोचो खाता खाता म्हणाली, "ती रोज विचारायची. मम्मी म्हणायची, पुढच्या वर्षी. मग तिने विचारणंच सोडून दिलं. जेवायची, अभ्यास करायची, पण काहीच मागायची नाही. मग तिच्या मम्मीला कसंतरी झालं."

"मग?"

"मग पाठवलं. पिक्चर होता ना."

सुरुवात हिनेही पाहिलेली नव्हती. यांनी माझ्याकडे बघितलं आणि लोचोची प्लेट तिच्याकडे सरकवली. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. जागृती खिडकीशी बसली, शिबिराचं काही बोलली नाही.

सोमवारी शाळेत मीच गेले, हो सांगून आले. सासूबाई फोनवर आधी फुगल्या, मग म्हणाल्या, झोका सोडणार नाही, नंतर या.

निघायच्या सकाळी दह्यावर साखर घालून तिच्या हातावर ठेवली. दारातून बाहेर पडलो, तर हंसाबेन पायरीवर. "क्यां चाली, बेटा?"

जागृती थांबली. माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवायला वाकली.

"शिबिराला जातेय," मी हंसाबेनना सांगितलं. "चल गं, बस निघून जाईल."

तिला बसवून घरी आले. पाटावर बसले, आणि तिच्या वाटचं पाणी मी प्यायले.