हेमलताबाईंच्या आंघोळीचं पाणी

हेमलताबाई लग्न होऊन तंजावरहून बेंगळुरूला आल्या, ते दिवस डिसेंबरचे होते. थंडी म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चामराजपेटेतल्या सासरी पहिल्या सकाळी गार पाण्याचा तांब्या अंगावर ओतला आणि त्यांना रडूच फुटलं. त्यांचे यजमान भीमसेनराव तेव्हा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. संध्याकाळी कामावरून येताना चिकपेटेतून तांब्याचा बंब खांद्यावर घेऊन आले.

तेव्हापासून एकेचाळीस वर्षं भल्या पहाटे बंब पेटवायचा तो त्यांनीच. घरामागच्या उमाजी सुताराकडून ढलप्या, फळ्यांचे तुकडे मिळत. न्हाणीघर झोपायच्या खोलीला लागून. थंडीत खिडकी बंद असली की धूर दाराखालून आत यायचा. "पाणी तापलं गं," अशी हाक आली की हेमलताबाई उठायच्या.

चार वर्षांपूर्वी त्यांना दम लागू लागला. कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाताना तीनदा थांबावं लागे. पुण्याहून इकडे आलेल्या डॉक्टर मुग्धांनी तपासून सांगितलं, फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, इनहेलर सोडायचा नाही.

"घरी चूल आहे का?"

"नाही. गॅस आहे," हेमलताबाई म्हणाल्या.

खोटं काहीच नव्हतं. आंघोळीच्या पाण्याचं कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी प्राणवायू मोजायचं छोटं यंत्र घ्यायला सांगितलं. रोज सकाळी आंघोळ झाली की ते बोटाला लावायचं आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा, हे काम भीमसेनरावांनी आपल्याकडे घेतलं. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, कधी एकोणनव्वद.

या जानेवारीत ते स्वतःच तापाने आडवे झाले. नऊ दिवस बंब पेटला नाही. हेमलताबाई गॅसवर पातेलंभर पाणी तापवून घ्यायच्या आणि आकडाही स्वतःच लिहायच्या. ताप उतरल्यावर भीमसेनराव कॅलेंडरसमोर उभे राहिले. एक्क्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव. जन्मभर केसाएवढा फरक मोजलेला माणूस तो. आधीचे आकडे आणि हे नऊ दिवसांचे त्यांनी बोटाने ताडून पाहिले.

"हेमा, बंबाच्या धुराने तुला त्रास होत होता?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "स्वल्प होत होता."

"स्वल्प म्हणजे किती?"

"छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं. ऊन वर आलं की कमी व्हायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही एवढ्या थंडीत उठून माझ्यासाठी पेटवत होता. नको कसं म्हणू?"

भीमसेनराव त्यांच्याजवळ खाली बसले. म्हणाले, "मी तुला धूर पाजत होतो गं." हेमलताबाईंनी सूप बाजूला सारलं आणि त्यांचा हात मांडीवर ओढून घेतला. "पाणी मात्र छान तापायचं," त्या म्हणाल्या. दोघांनाही एकदम हसू आलं, आणि हसता हसता हेमलताबाईंना खोकला.

त्याच आठवड्यात गिझर बसला. डॉक्टर मुग्धांना सगळं सांगितल्यावर त्या स्वतःवरच चिडल्या. "पाणी कशावर तापवता, हे मीच विचारायला हवं होतं."

तरी एके सकाळी घरात धुराचा वास आला. उमाजीही अंगणात लाकडांवरच हंडा तापवत होता. भीमसेनराव त्याच्याकडे गेले, सगळं सांगितलं.

"अण्णा, सरी, बरोबर आहे तुमचं," उमाजी ओशाळून म्हणाला. "रोज गॅस मला परवडणार नाही. पण हंडा पलीकडच्या भिंतीशी नेतो. पेटवायच्या आधी अक्कांना हाक मारतो, खिडकी लावून घ्या म्हणून."

तो शब्दाला जागला. दम गेला नाही. तो जाणारा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं आहे. पण हेमलताबाई आता देवळापर्यंत जाताना एकदाच थांबतात, फुलवाल्या बाईच्या स्टुलावर. भीमसेनराव शेजारी उभे राहतात, घाई न करता. फुलवाली दोघांशी कन्नडमध्ये काहीबाही बोलत राहते आणि श्वास जागेवर आला की हेमलताबाई म्हणतात, "चला."