जहाजाचा निरोप

परदेशी मालिकांना आपल्या भाषेत आवाज देणारा तो माणूस गल्लीत ‘जहाजमामा’ म्हणून ओळखला जाई. हे नाव आपल्याला आवडत नाही, असे तो जितक्या वेळा सांगे तितके ते पक्के होत गेले. अंतराळात वाट चुकलेली एक मुलगी आणि तिला घरी नेणारे बोलके जहाज, अशी ती कार्टून मालिका. त्यातल्या जहाजाचा आवाज त्याचा. जहाजाला तोंड नसल्यामुळे ओठांच्या हालचालींशी शब्द जुळवण्याची कटकट नव्हती. मनासारखे थांबावे, एखादा शब्द फिरवावा, ही मोकळीक तो आपला हक्कच समजे. कोणताही निर्णय सांगण्यापूर्वी जहाज म्हणे, “गणित तपासलंय.” मुले ते वाक्य शाळेत एकमेकांना ऐकवत.

त्याच्या कामाची एक पद्धत होती. संहितेचा गठ्ठा हाती आला की रंगीत पेन्सिलीने स्वतःच्या ओळी अधोरेखित करायच्या आणि तेवढ्याच वाचायच्या. इतरांचे बोलणे वाचले की आवाजातला ताजेपणा जातो, असे त्याचे म्हणणे. त्यात तत्त्व किती आणि आळस किती, हे कोणी तपासले नव्हते.

पर्वाच्या शेवटच्या भागात जहाज पेट घेते. मुलीला छोट्या यानात बसवून ते अखेरचे वाक्य बोलते. कागदावर होते: ‘आईला निरोप दे.’

“हे खटकतंय,” तो काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाला म्हणाला. “ताटातुटीची वेळ आहे. ‘आईचा निरोप घे’ करू.”

“अनुवादक बाईंना फोन लावू?”

“बाईंना काय विचारायचंय? बोलणार मी आहे.”

‘आईचा’ या शब्दापाशी तो असा थांबला, की ध्वनिमुद्रकाने डोळे पुसले. निदान चष्मा तरी पुसला.

शनिवारी संध्याकाळी तो भाग लागला. खालच्या मजल्यावरच्या भावंडांनी जेवायला नकार दिला. समोरचा शिंपी डोळ्यांत कचरा गेल्याचे सांगत होता, आणि शिवणयंत्र बंद असताना कचरा कुठून उडाला हे त्याला कोणी विचारले नाही. अख्खी गल्ली रडली, असे पुढे म्हटले जाऊ लागले. तेवढे धरायचे कारण नाही, पण जिन्यात दोघातिघांनी त्याचा हात हातात घेतला हे खरे. तो नम्रपणे मान खाली घालून ते सारे स्वीकारत गेला.

रविवारी सकाळी अनुवादक बाईंचा फोन आला.

“अहो, निरोप म्हणजे सांगावा होता तो. आधीच्या पानावर मुलगी म्हणते ना, घर जवळ आलं की आईला रेडिओवरून निरोप द्यायचा: ‘दिवा चालू ठेव, मी येतेय.’ जहाज तिला त्याचीच आठवण करून देतंय. शेवटी अंधारात ठिपका दिसतो, तो घरचा दिवा आहे. लोकांना वाटतंय, जहाजाचा निखारा.”

त्याला आधीचे पान आठवेना. आठवणार कुठून?

“जाऊ द्या हो बाई,” तो म्हणाला. “लोकांच्या काळजाला भिडलं ना?”

“भिडलं. पोर घरी चालली होती, तुम्ही तिला वाटेतच संपवलीत.”

त्याने फोन ठेवला. दुपारी शिंप्याने पुन्हा पाठ थोपटली, तेव्हा खरे सांगायला तोंड उघडले आणि “आभारी आहे” म्हणून मिटले.

सोमवारी त्याची धाकटी बहीण दवाखान्यात दाखल झाली. पित्ताशयातले खडे काढायचे होते. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. भेटीच्या वेळेला तो भाचीला घेऊन गेला. गालात खाऊ कोंबून ठेवायच्या सवयीपायी तिला सगळे खारूताई म्हणत. त्या दिवशी मात्र तिने वाटेत काही खाल्ले नव्हते. दप्तर घट्ट धरून ती मुकाट चालत होती.

आईच्या पलंगापाशी पोचल्यावर तिने दप्तर उघडले. आईची केसांची क्लिप, आईचा रुमाल, कधीतरी पळवलेले तिचे लाल टोपणाचे पेन, एकेक वस्तू तिने चादरीवर मांडली.

“हे काय गं?” बहिणीने विचारले.

“तुझं तुला परत. उद्या तू ऑपरेशनच्या दारातून आत जाणार ना? त्याच्या आधी निरोप घ्यायचा असतो.”

“अगं, खडे काढायचेत माझे. मी काय अंतराळात चाललेय?”

“जहाज म्हणालं.”

बहिणीने भावाकडे पाहिले. “दादा, काय बोलून ठेवलंयस तू?”

तो भाचीकडे वळला. “खारूताई, ते चुकलं होतं.”

“जहाज चुकत नाही. ते गणित तपासतं.”

“जहाज नाही चुकलं. मी चुकलो. कागदावर ‘आईला निरोप दे’ होतं. मी न विचारता बदललं.”

“मग मुलगी हरवली नाही?”

“नाही. घरी चाललीये.”

“जहाजाच्या आवाजात सांग.”

त्याने घसा खाकरला. तो जाडजूड, शांत आवाज हुकमी होता, एरवी भाजीवाल्यापाशीही निघे, आता निघेना. जे निघाले ते बारीक आणि त्याचे स्वतःचे होते: “आईला निरोप दे.”

खारूताईने ते जरा वेळ पारखले. “म्हणजे दिव्याचा निरोप? तिनं आधी म्हटलेला?”

“हो. तोच.”

“तुला माहीत नव्हता?”

“मी माझ्याच ओळी वाचतो,” तो म्हणाला. स्टुडिओत हेच वाक्य तो ऐटीत सांगत असे.

तिने क्लिप आणि रुमाल पुन्हा दप्तरात भरले. पेन आईने आधीच उशीखाली सरकवले होते.

“आई, दिवा चालू ठेव. मी उद्या येतेय.”

“ठेवते. नर्सबाई ओरडल्या तर तुझं नाव सांगीन.”

शेजारच्या पलंगावरच्या आजी मघापासून कान देऊन होत्या. “तुम्हीच का ते जहाज?” त्यांनी विचारले. “आम्हा सगळ्यांना काय रडवलंत हो.”

आभार मानायचे शब्द सवयीने ओठांवर आलेच होते.

“चुकून रडवलं, आजी,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“मी सांगते,” म्हणत खारूताई आजींच्या पलंगावर चढून बसली आणि थेट पहिल्या भागापासून सुरू झाली. तो पायथ्याशी उभा राहिला. जहाज कोणी बांधले, मुलगी कशी हरवली, तळावरच्या मनोऱ्यात तिची आई रोज दिवा का लावते, हे सारे तो मान खाली घालून पहिल्यांदाच ऐकत होता.