रिकामी चौकट चालत नाही

माझ्या वहिनीला पसारा सहन होत नाही. लग्न होऊन आमच्याकडे आली आणि पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या. आई म्हणाली, "अगं, साखर मला बघून कळते." माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून मी विचारलं, "दादाच्या कपाळावरही एक लावतेस का?" तिने खरंच लावली. 'सांभाळून वापरा' असं लिहून. दादा ती चिठ्ठी लावूनच जेवायला बसला, तेव्हाच मला कळलं की हा गडी कामातून गेला.

अशी बाई आमच्या कंपनीला मिळाली हे कंपनीचं नशीब. पंप आणि बॉयलर बनवणारी मोठी कंपनी, गावोगाव कारखाने. मी खालच्या मजल्यावर खरेदीत, ती वर कागदपत्रांच्या विभागात. सगळं संगणकावर होतं, पण ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. तोच पंप एक कारखाना नंबराने ओळखायचा, दुसरा रंगाने, तिसरा तो ज्या साहेबाने आणला त्याच्या टोपणनावाने. नकाशांना नावं काय, तर 'शेवटचा', 'शेवटचा नवा', 'हाच शेवटचा'. एकदा चुकीच्या 'शेवटच्या' नकाशावरून पाइप उघडला गेला आणि एक फिटर वाफेने भाजला. तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली.

हुकूम निघाला की आता सगळ्या कंपनीत एकच मेटाडेटा मानक. म्हणजे प्रत्येक कागदाला सारखीच ओळखपट्टी हवी. कागद कशाचा, कधीचा, कितवी आवृत्ती आणि मालक कोण, म्हणजे त्या मजकुराची जबाबदारी कोणाची. काम वहिनीकडे आलं आणि तिला जणू माहेर मिळालं. कारखान्या-कारखान्यांशी भांडून तिने त्या पंपाला एकच एक नाव मिळवून दिलं.

घोडं अडलं ते ओळखपट्टीतल्या 'मालक' या चौकटीत. जुन्या नकाशांचे मालक कधीच निवृत्त झालेले, बरेचसे वारलेले. आणि मानक म्हणत होतं की मालक नोकरीत असलेला माणूसच हवा. हे मानक घेऊन मुख्य कचेरीतून आलेल्या अधिकाऱ्याला आम्ही चौकटसाहेब म्हणायचो, कारण त्यांचं एकच पालुपद, "रिकामी चौकट चालत नाही." बैठकीत सगळ्यांच्या माना खाली. वहिनीला काम संपवायची घाई. ती म्हणाली, "माझं नाव टाका. माझं काय जातंय?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! एका दुपारी कंपनीतले सगळे बेवारशी कागद तिच्या नावावर चढले.

पहिला फोन आला तेव्हा मी तिच्या टेबलापाशीच होते. लांबच्या कारखान्यातून कोणी जुन्या बॉयलरचा नकाशा विचारत होतं. वहिनीने संगणकाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "तो व्हॉल्व्ह मी मुद्दाम उलटा बसवलाय. पलीकडे भिंत होती, हात जात नव्हता." वहिनीने त्या कारखान्यात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. मी हसून म्हटलं, "तू बसवलास?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच खुळी.

मग ती डावा पाय ओढत चालायला लागली. कचेरीतल्या एका जुन्या शिपायाने तिला जिन्यावर पाहिलं आणि तो हातातला ट्रे घेऊन भिंतीला चिकटला. मला नंतर म्हणाला, "ताई, असं फक्त नकाशेवाले काका चालायचे. त्यांना जाऊन किती वर्षं झाली." कधी ती खोलीत शिरताना दारातून वाकून यायची, एखाद्या उंच माणसाने यावं तशी. कधी गप्पा मारता मारता कुणाच्या तरी मुलीच्या तापाची काळजी करायची. दादाला आणि तिला मूलबाळ नाही.

हेही एक वेळ चाललं असतं. पण जेवढं त्या जुन्या मालकांचं आत येत होतं तेवढं तिचं बाहेर जात होतं. आधी तिच्या आठवणीतून शाळा गेली, मग मैत्रिणी, मग तिच्या आईचा आवाज. एका रविवारी सकाळी मी आणि दादा भाजी घेऊन आलो, त्याने बेल वाजवली, तर तिने दार अर्धंच उघडलं. "साहेब घरात नाहीत," ती नम्रपणे म्हणाली. "कोण आलं होतं म्हणून सांगू?" दादा आधी हसला. तिने दार लावून घेतलं तेव्हा त्याचं हसू गेलं. तो पिशवी घेऊन पायरीवर बसला आणि मी पहिल्यांदा त्याला रडताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी चौकटसाहेबांना गाठलं. "तिचं नाव काढा."

"काढतो की. दुसरं द्या."

"विभागाचं घाला."

"माणूस हवा."

"मग टाका ते कागद पुसून!"

"ते बॉयलर अजून चालू आहेत, बाई," ते म्हणाले. "कागद गेला की पुन्हा कोणीतरी भाजणार." माणूस वाईट नव्हता.

थोडे थोडे वाटून घेऊ म्हणून मी टेबलाटेबलाशी फिरले. कामापुरता मामा म्हणतात ते काय, हे त्या दिवशी कळलं. वहिनीकडून रोज कामं करून घेणारे सगळे अचानक मीटिंगमध्ये होते. लिफ्टमध्येही तिच्यापासून लांब उभे राहायचे. त्यांनाही दिसतच होतं. मला फार राग आला आणि रागाच्या भरातच मी वर गेले. साहेबांना म्हटलं, "घाला माझं."

"सगळे?"

"सगळे. चौकट रिकामी नको ना तुम्हाला?"

वहिनी आठवड्याभरात परत आली. पाय सरळ पडायला लागला. मला म्हणाली, "वन्सं, माझी कात्री कुठे ठेवलीत? घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!" मी तिला मिठी मारली तर म्हणते, "हे काय नवीन?" दादा तर दिवसभर तिच्या मागे मागे, नवा नवरा परवडला.

काल आम्ही सगळे एकत्र जेवलो. दादा रंगात आला होता. लहानपणी आम्ही दोघं एकाच सायकलवर बसून उतारावरून सुटलो, ब्रेक तुटला, मी मागून ओरडत राहिले आणि शेवटी दोघंही चिखलात, ही गोष्ट त्याने हातवारे करून सांगितली. आई डोळे पुसत हसली. वहिनीला ठसका लागला. मीही खूप हसले. गोष्ट फारच मजेदार होती, आणि मी ती पहिल्यांदाच ऐकत होते.