एका चित्रात एकच खिडकी

माणसांची चित्रं करणं हा माझा पोटाचा धंदा आहे, आणि त्यातली बरीचशी माणसं मला कधी भेटलेली नसतात. लोक फोटो पाठवतात. वडील कुणाच्या तरी लग्नातले, समोरून फ्लॅश मारलेला. आई गॅलरीत मटार सोलत बसलेली, एका बाजूनं ऊन. काका ओळखपत्रावरचे. आणि म्हणतात, सगळ्यांना एका सोफ्यावर बसवून द्या. बसवायला माझी हरकत नसते. पण प्रत्येक जण आपापला उजेड घेऊन येतो. एकाच्या नाकाची सावली डाव्या गालावर, दुसऱ्याच्या उजव्या, तिसऱ्याला सावलीच नाही. बघणाऱ्याला नेमकी चूक सांगता येत नाही, पण ही माणसं कधी एका खोलीत बसलेली नाहीत हे त्याला लगेच कळतं. म्हणून मी रंग काढायच्या आधी खिडकी ठरवते. ती एकदा ठरली की चित्रातल्या सगळ्यांनी तिचं ऐकायचं.

शनिवार पेठेतल्या माझ्या खोलीचा जिना चढून एक बाई आल्या, सरकारी कार्यालयात अधिकारी. त्यांना आई-वडिलांचं एकत्र चित्र हवं होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. वडील विश्रांतवाडीला त्यांच्याजवळच राहत होते.

"एकत्र फोटो असेलच ना?"

"नाही हो ताई. लग्न विहारात झालं, फोटोवाला आलाच नाही. पुढे आईची रात्रपाळी, बाबांची कारखान्यात दिवसपाळी. एक घरात शिरलं की दुसरं बाहेर पडायचं."

आई नर्स होत्या. त्यांना फोटोचा तिटकारा. एकच बरा फोटो होता, निवृत्तीच्या निरोप समारंभातला. दारापाशी उभ्या, दारातून आलेला उजेड अर्ध्या चेहऱ्यावर, आणि अर्धा चेहरा चक्क काळा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वडिलांकडे गेले. ऐंशी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिडकीजवळची खुर्ची. त्यांनी मला चहा प्यायला लावला आणि मगच बोलले.

"चित्र चांगलं-वाईट मला कळत नाही, मॅडम. मला तिच्या शेजारी बसायचंय, एवढंच. पण ती तीच असली पाहिजे. नाहीतर मी एकटा बसलेला बरा."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. चित्र तिच्यासाठी नव्हतंच, हे मला तिथे कळलं.

काका, म्हणजे हे वडील, समोर बसलेले असल्यामुळे मी त्यांच्या खिडकीचा उजेड धरला. चित्रात तो डावीकडून येणार होता. काकूंच्या फोटोत तो उजवीकडून होता. त्यावर आमच्या धंद्यात एक साधा उपाय आहे, फोटो उलटा करायचा. आरशात दिसतो तसा. मग उजेड आपोआप हव्या त्या बाजूला येतो. पदर डाव्या खांद्यावर परत आणायचा, भांग पाहायचा, झालं. चेहरा उलटला तर बहुतेक घरांत कुणाच्या लक्षातही येत नाही. ही युक्ती मी आजही वापरते.

रीतीप्रमाणे काकूंना काकांच्या डाव्या हाताला बसवलं. दोघांची नाकं, हनुवट्या, गळ्याखालच्या सावल्या एका दिशेला पडल्या. काकांच्या खांद्याची सावली काकूंच्या साडीवर आली. काम पक्कं होतं. रंग ओला असतानाच गाडीत उभं करून मी ते विश्रांतवाडीला नेलं.

काकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं.

"ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

"अहो बाबा, आई."

"नाही. तिच्या बहिणीसारख्या दिसतात. बहिणीशी माझं पटत नव्हतं."

मुलगी हसू दाबत आत गेली. मी म्हटलं, "काका, काय चुकलंय ते सांगा. नाक? डोळे?"

"नाक-डोळे तिचेच आहेत. पण ह्या बाई माझ्याकडे बघून हसतायत."

मी फोटो काढला आणि चित्राशेजारी धरला. फोटोत काकू हसत होत्या, आणि ओठाचा एकच कोपरा वर गेला होता, त्यांचा डावा. उलट्या चेहऱ्यात तो उजवा झाला होता, म्हणजे थेट काकांकडे वळलेला.

"ती कायम माझ्या डाव्या हाताला बसायची," काका म्हणाले. "हसायची ते पलीकडच्या बाजूनं. मला ही गंभीर बाजू. ती हसली की नाही हे मला समोरच्याच्या तोंडावरून कळायचं. आता ह्या वयात ती माझ्याकडे वळून हसायला लागली तर मला शंका येणार ना?"

वाद घालण्यासारखं काही नव्हतं. चेहरा सुलटा करायचा, हे ठरलं. पण सुलटा केला की उजेड पुन्हा उजवीकडून, आणि काकांवर डावीकडून. दोन खिडक्या. मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही तर आर्टिस्ट. आईचा उजेड मनानं दुसऱ्या बाजूला टाका ना."

"टाकता येईल. पण त्यांचा दुसरा गाल फोटोत अंधारात आहे. मी तो पाहिलेलाच नाही. उजळवला तर तो मी बनवलेला गाल असेल, आणि तुमचे बाबा पुन्हा विचारतील, ह्या कोण."

"विचारणारच," काका म्हणाले.

काकूंना आता हलवता येत नव्हतं. काकांना येत होतं. मी त्यांना खुर्ची फिरवायला सांगितली, खिडकी त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे चित्रात उजवीकडे येईल आणि तोंड भिंतीकडे होईल अशी.

"मग मला रस्ता दिसणार नाही."

"नाही दिसणार."

"माणूस खिडकीशी बसतो ते रस्ता बघायला."

"चित्र होईपर्यंत भिंत बघा."

त्यांनी खुर्ची फिरवू दिली. मी रोज सकाळी जायचे, समोरच्या इमारतीवर आपटून उजेड आत यायचा तेवढा वेळ. शोकेसवर पांढऱ्या बुद्धाची लहान मूर्ती होती. रंगीत चेहऱ्यावर सावलीची कड नीट दिसेनाशी झाली की मी तिच्याकडे पाहायचे. पांढऱ्यावर उजेड कुठे संपतो ते स्वच्छ कळतं. काका भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मधूनमधून विचारायचे, आळंदीला जाणारी बस गेली का. मी सांगायचे, गेली. गेली की नाही ते मी बघत नव्हते.

उजेडाची बाजू बदलली की एकट्या चेहऱ्यावर भागत नाही. शर्टाच्या घड्या, बोटांमधल्या फटी, खुर्चीचा हात, डोळ्यातला पांढरा ठिपका, सगळं पुन्हा करावं लागलं. आता खिडकीकडच्या बाजूला काकू होत्या, त्यामुळे त्यांची सावली काकांच्या खांद्यावर पडायला हवी होती. ती मी रंगवली. निळसर, कडेला मऊ.

पूर्ण झाल्यावर मुलगी जवळ जाऊन म्हणाली, "ताई, एवढा खांदा पांढरा करता का? शर्ट मळल्यासारखा दिसतो. बाबांना मळका शर्ट चालत नाही."

"ती तुमच्या आईंची सावली आहे. ती काढली तर त्या शेजारी नाहीत असा अर्थ होतो."

मुलीनं वडिलांकडे पाहिलं. काका चित्रातल्या काकूंकडे पाहत होते. ओठाचा वर गेलेला कोपरा आता त्यांच्यापासून लांबचा होता.

"हीच," ते म्हणाले. "सावलीला हात लावू नका."

मी त्यांना सांगितलं की चित्र अशा भिंतीवर लावा जिथे खोलीची खिडकीही उजवीकडे येईल. म्हणजे चित्रातला आणि बाहेरचा उजेड एक होतो. अशी भिंत एकच होती, आणि तिच्यावर मोठा टीव्ही होता.

"बाबा, तिथे कसं लावणार? तुमची मॅच?"

"टीव्ही आत ने."

"आतल्या खोलीत? तुम्ही आत बसून बघणार?"

"नाही," काका म्हणाले. "मी इथेच बसणार. स्कोअर तू सांग."