गळ्यात कार्ड, बाकी काही नाही

आमच्या नेड्राआजीला ज्यांचा हेवा वाटतो अशी माणसं पुष्कळ आहेत, आणि ती सगळी लुएलामावशीच्या आसपासची आहेत. लुएलाचे केस कापणारी बाई. चर्चच्या गाण्यात लुएलाच्या डाव्या हाताला उभी राहणारी बाई. लुएलाचा कुत्रा. लुएलाचा नवरा तर वारलेला आहे, पण त्याचा फोटो तिच्या फ्रिजवर आजीच्या फोटोच्या वर लावलेला आहे. त्यामुळे आजी दूध काढायला गेली की त्याचं चुंबक बोटाने हळूच खाली सरकवून येते.

"मला काय त्याचं!" हे आजीचं पेटंट वाक्य. ते म्हणण्याआधी ती नाकाने एक मोठा श्वास आत घेते. तो श्वास ऐकू आला की समजायचं, कुणाचं तरी काही खरं नाही.

आजीने शाळेच्या जेवणघरात भांडीच्या भांडी मॅकरोनी शिजवली, आणि लुएलामावशीने त्याच शाळेची पिवळी बस चालवली. दोघी रिटायर झाल्या आणि तेव्हापासून दर फेब्रुवारीत, ओहायोतल्या गल्ल्या बर्फाने बुजलेल्या असताना, फ्लोरिडाला जाऊन समुद्रसफरीच्या मोठ्या बोटीत बसतात. खोली एकच, खिडकी नसलेली, दोन पलंगांमध्ये एक माणूस आडवं होऊन जाईल एवढीच वाट. आजीच्या मते जगातली सगळ्यात चांगली जागा ती. तिथे लुएलाच्या बाजूला दुसरं कुणी मावतच नाही.

गेल्या फेब्रुवारीत जेवणाच्या टेबलावर तिसरी खुर्ची भरली. ग्रेचेन. मिनेसोटाची, दातांच्या दवाखान्यात दात साफ करून देणारी, आता रिटायर. ही बाई प्रत्येक वाक्याला "ओऽऽ" असा सूर लावून सुरुवात करते, जणू आपण तिला वाढदिवसाची भेट दिलीय. "ओऽऽ, सूप!" "ओऽऽ, काटा खाली पडला!" लुएलामावशीला ही बाई भारी आवडली. आजीने पहिल्याच रात्री खोलीत जाहीर केलं, "तिचे स्वतःचे दात खोटे आहेत."

"नाहीत गं."

"तुला काय माहीत?"

"मी विचारलं. तिने दाखवले."

इथे आजीने श्वास घेतला.

बोट सेंट मार्टिन बेटाला लागायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. वेटर आईस्क्रीमच्या केकचे तुकडे ठेवत होता आणि ग्रेचेन म्हणाली, "ओऽऽ, उद्या ना, मी ओरिएंट बेच्या किनाऱ्यावर जाणार. त्या टोकाला. जिथे कपडे घाला नाहीतर नका घालू, कुणी विचारत नाही."

"म्हणजे?" आजी म्हणाली.

"म्हणजे सगळं काढून पाण्यात जायचं. फार छान वाटतं गं! ओला पोशाख अंगाला चिकटतो ना, ती भानगडच नाही."

वेटरने चेहरा इतका सरळ ठेवला की त्याला पगारवाढ द्यायला हवी होती.

"मीपण येते," लुएलामावशी म्हणाली.

आजीचा चमचा केकमध्ये तसाच उभा राहिला. "लुए, तू? तू मोजे बदलायलासुद्धा बाथरूमची कडी लावतेस!"

"लावते."

"मग?"

"मग काय? जाते."

लुएलामावशी असंच बोलते. बस चालवून चालवून तिला दोनच शब्द उरलेत, दार उघडं किंवा दार बंद. म्हणून तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्लेटच्या रांगेत जे झालं त्याने आजी मुळापासून हलली. पुढे त्या दोघी उभ्या होत्या, मध्ये एक जाडा गृहस्थ, आणि त्याच्या आड आजी, प्लेट छातीशी धरून, कान पुढे करून.

"पुढच्या वर्षी माझ्याबरोबर कुणी नाही बघ," ग्रेचेन म्हणत होती. "आणि एकट्या बाईकडून हे लोक दोन्ही पलंगांचे पैसे घेतात. तू येतेस का माझ्या खोलीत? उद्या बुकिंगचं टेबल लागेल, तेव्हाच नाव घालू या."

"बघू," लुएलामावशी म्हणाली.

बघू! आजीने तिच्या तोंडून हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. तिने आम्लेट न घेताच रांग सोडली, खोलीत गेली, पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, मोजे, बूट आणि अंगणात गवत कापताना घालते ती मोठी टोपी असं सगळं चढवलं आणि बोटीतून उतरायच्या गँगवेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"तू पण येतेस?" लुएलामावशीने विचारलं.

"सावलीत बसणार. मला काय त्याचं!"

व्हॅनमध्ये ग्रेचेन मध्ये बसली. आजीने ते अजून माफ केलेलं नाही.

किनाऱ्यावर खुर्च्या आणि छत्र्या भाड्याने देणारा ऑस्मंड नावाचा तिथलाच माणूस होता. त्याने वाळू झाडून तीन खुर्च्या मांडल्या. आजूबाजूला सगळी आजीच्याच वयाची माणसं, कुणी पेपर वाचतंय, कुणी शब्दकोडं सोडवतंय, कुणी सँडविचचा कागद घडी करून ठेवतंय. फक्त कपडे तेवढे नाहीत. आजी सांगते, "सगळं अगदी आपल्या ग्रंथालयासारखं होतं गं, तेवढं एक सोडून."

आजी खुर्चीत ताठ बसली, पर्स मांडीवर, हात पर्सवर, बस चुकलेल्या बाईसारखी. ग्रेचेनने एका झटक्यात सगळं काढलं आणि "ओऽऽ, वारा!" म्हणाली. आजी तिच्याबद्दल काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडत होती, इतक्यात लुएलामावशीने पाठ न फिरवता शर्टाची बटणं सोडली.

डाव्या बाजूचा स्तन नव्हता. तिथे काखेपर्यंत जाणारा एक गुलाबी, चकचकीत वण होता.

ऑपरेशन झालं होतं हे आजीला माहीत होतं. माहीत म्हणजे काय, दवाखान्यात नेलं तिने, आणलं तिने, महिनाभर ओव्हनमध्ये कॅसरोल भाजून खाऊ घातले तिने, आणि लुएलाच्या उशाशी बसून लुएलापेक्षा जास्त रडलीही तीच. पण तो वण तिने कधी पाहिला नव्हता. एवढ्या बोटी झाल्या, एवढ्या खोल्या झाल्या, दर वेळी बाथरूमची कडी.

ग्रेचेनने वणाकडे सरळ पाहिलं. "ओऽऽ, छान भरलाय! तिथे क्रीम जास्त लाव हं, ती कातडी पटकन भाजते." एवढं बोलून तिने लुएलाच्या तळहातावर क्रीम पिळलं आणि दोघी पाण्याकडे चालू लागल्या.

आजीच्या पोटात जे काही पेटलं त्याला ती आजही ॲसिडिटी म्हणते. वाईट वाटलं का? वाटलं, पण नंतर. आधी एकच डोक्यात आलं, हिला दाखवलं. या दातवालीला! चौथ्या दिवशी! आणि मी कडीच्या बाहेर टॉवेल हातात घेऊन उभी!

पाण्यात दोघी हसत होत्या. लुएलामावशी मान मागे टाकून हसत होती. तसं ती आजीच्या एकाच विनोदाला हसते, आणि तो विनोद जुना झालाय. आजी टोपीखालून त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. इतकी की पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने पेपर पोटावरून उचलून छातीशी धरला, शेजारणीने अंगावर टॉवेल ओढला, आणि ऑस्मंड लगबगीने येऊन खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"मावशी, कुणी हरवलंय का?"

"नाही."

"मग असं पोलिसासारखं बघू नका हो. इथे कपडे काढलेल्याचं कुणाला काही नाही. तुमची मात्र लोकांना लाज वाटायला लागलीय."

"माझी?"

"एवढा मोठा किनारा आणि बूट घातलेल्या तुम्ही एकट्या!"

आजीने पाण्याकडे पाहिलं. ग्रेचेन लुएलाला उताणं तरंगायला शिकवत होती, एक हात तिच्या पाठीखाली धरून. लुएलाला तरंगायला आजीने शिकवायचं असं दर वर्षी ठरत होतं आणि दर वर्षी राहत होतं.

आजीने श्वास घेतला. बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले. शर्ट, पँट, राहिलेलं सगळं नीट घड्या करून पर्सखाली ठेवलं, कारण कितीही राग आला तरी घडी ही घडी. पण गळ्यातली दोरी काही तिने काढली नाही. त्या दोरीत बोटीचं कार्ड असतं, ते हरवलं तर बोटीवर परत घेत नाहीत. बोटीवर नेहमी जाणाऱ्या बायका एकवेळ दागिने खोलीत विसरतील, पण ते कार्ड नाही. आजीची दोरी तर मण्यांची, वर किती सफरी झाल्या त्यावरून बोटवाले देतात ते बिल्ले टाचलेले, मध्ये मोठ्या अक्षरांत NEDRA. टोपी, काळा चष्मा आणि ती दोरी एवढ्या वेषात आमची आजी वाळूतून निघाली. कुणी ओळखणार नाही अशी तिची खात्री होती.

"अरे, नेड्रा!" पाण्याच्या काठाशी बसलेला एक जण दोरी वाचून ओरडला. "प्लॅटिनम बिल्ला! आम्ही अजून गोल्डच. हिला दाखव गं, प्लॅटिनम कसा असतो!" त्याची बायको डोळ्यांवर हात धरून खरोखर बिल्ला बघायला वाकली. तिच्याही गळ्यात कार्ड होतंच.

"नंतर," आजी म्हणाली आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरली.

पुढचं दोघीही सांगतात, आणि दोघींचं सांगणं जुळतं, म्हणून ते खरं असणार.

आजीने ग्रेचेनकडे बघितलंसुद्धा नाही. ती लुएलामावशीसमोर जाऊन उभी राहिली, त्या वणाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे हिला आधी?"

"नेड्रा, तुझे कपडे?"

"कपड्यांचं राहू दे! मी तुला दवाखान्यात नेलं. मी! ही तेव्हा मिनेसोटात कुणाच्या तरी दाढा घासत होती! आणि हिला आधी?"

"ओऽऽ, मी जरा तिकडे जाते," ग्रेचेन म्हणाली आणि अत्यंत शहाणपणाने पोहत लांब गेली.

लुएलामावशीने तोंडावरचं खारं पाणी पुसलं. "तुला दाखवलं असतं तर तू रडली असतीस."

"रडले असते तर?"

"तर मला तुला गप्प करावं लागलं असतं. मागच्या वेळी तेच केलं मी. टाके माझे, आणि रुमाल तुला देतेय मी. तुझा कॅसरोल खाल्ला की तू माझ्याकडे अशी बघायचीस, की मी मेलेच आहे आणि तू श्राद्धाला आलीयस. हिने बघितलं आणि क्रीम दिलं. मला तेवढंच हवं होतं."

आजीकडे बोलायला खूप काही होतं. खालचा ओठ थरथरायला लागलाच होता. लुएलामावशीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा मिटत चालला, बसचं दार मिटावं तसा.

आजी सांगते, त्या क्षणी तिने रडू गिळलं नाही, तिला तो वेळच मिळाला नाही. कारण तेवढ्यात तिला पाठीखाली धरलेला तो हात आठवला. तिने पुन्हा वणाकडे नीट पाहिलं, काखेपासून मध्यापर्यंत, आणि म्हणाली, "तरंगायला मी शिकवणार होते."

 लुएलामावशी मान मागे टाकून हसली. असं हसली की एक लाट तोंडात गेली आणि ठसका लागला.

"तुला माझं काही वाईट वाटत नाहीये," ती खोकत म्हणाली. "तू नुसती जळतेयस!"

"मग जळू नको तर काय करू?"

"जळ. जळ गं बाई. रडण्यापेक्षा केव्हाही जळ." आणि ती पाण्यावर आडवी झाली. "धर."

आजीने पाठीखाली दोन्ही हात धरले. ग्रेचेनने एकच धरला होता, हे ती आवर्जून सांगते.

त्या रात्री जेवणघराच्या दारात ते गोल्डवाले नवरा-बायको भेटले. "अय्या, तुम्ही होय! कपड्यांत ओळखलंच नाही," बायको सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. आजीने तिला खरंच प्लॅटिनम बिल्ला दाखवला.

पण 'बघू' अजून तसाच होता. दुसऱ्या दिवशी बुकिंगच्या टेबलापाशी लुएलामावशी उभी, तिच्या एका बाजूला ग्रेचेन, दुसऱ्या बाजूला आजी, आणि पलीकडे हसतमुख पोरगी कॉम्प्युटरवर बोटं ठेवून बसलेली.

"किती जण?" पोरीने विचारलं.

"तीन," लुएलामावशी म्हणाली. "खोली एक."

"लुए!" आजी म्हणाली.

"नेड्रा, दार बंद होतंय. चढतेस की राहतेस?"

"चढते," आजी म्हणाली.

पोरीने समजावलं, खाली पलंग दोन, तिसरा छतातून खाली येतो आणि त्याला शिडी असते. "ओऽऽ, वर मी झोपेन!" ग्रेचेन लगेच म्हणाली. आजीला बरं वाटलं. खालचे दोन पलंग, मधे ती एवढीशी वाट, बाजूला लुएला. पण सही करता करता तिने नाकाने श्वास घेतला. लुएला उताणी झोपते. दिवा घालवण्याआधी बोलते. म्हणजे ती वर बघणार आणि वर बघून ग्रेचेनशी बोलणार.

"वर मी," आजी म्हणाली.

"तुझे गुडघे, नेड्रा."

"गुडघे माझे आहेत."

सध्या आमच्या गॅरेजमध्ये रंगकामाची शिडी उभी केलेली आहे. आजी रोज नाश्त्यानंतर हातमोजे घालून वर चढते, वरच्या पायरीवर थोडा वेळ थांबते, खाली बघत "काय म्हणालीस, लुए?" असं विचारते आणि कठडा धरून उलटी उतरते. आईने डॉक्टरांना विचारू का म्हटलं, तर आजी म्हणाली, डॉक्टरला काय त्याचं.