कॅमेरा हलला नव्हता

खांबसर एकदा उभे राहिले की हलायचे नाहीत. वर्गात नाही, बसस्टँडच्या गर्दीत नाही, लग्नाच्या मांडवात मागून कुणी ढकललं तरी नाही. पोरांनी त्यावरूनच नाव पाडलं होतं, आणि खरं सांगते, सरांना ते आवडायचं. कोल्हापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते पूल शिकवायचे. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच हाताखाली लेक्चरर.

मूळचे चंदगडचे. गावाकडचे भाजके काजू पँटच्या खिशात सुटेच असायचे. काम मनासारखं झालं की दोन काजू काढून हातावर ठेवायचे, शाबासकी तेवढीच. भाषा मात्र दोन होत्या. साहेब लोकांसमोर पुस्तकी, आणि पोटातलं बोलायचं असलं की गावची. ‘हाय’, ‘न्हाय’ सुरू झालं की समजायचं, सर आता खरं बोलतायत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी चंदगडच्या बाजूच्या एका जुन्या पुलाबद्दल ओरड सुरू झाली. ट्रक गेला की पूल हलतो म्हणे. तपासणीचं काम सरांकडे आलं. सर हसले. “हलू दे की! हलतोय म्हणून तर टिकलाय. हलून परत जाग्यावर येतोय का न्हाय, ते बघायचं.” आणि ते बघायला या माणसानं लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आणला! पुलाच्या प्रत्येक गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाला, काळ्या-पांढऱ्या चौकोनांची पाटी लावली. तशीच एक पाटी काठावरच्या खडकावर ठोकली.

स्टँडवर कॅमेरा लावायचं काम माझं. सर मागं उभे. “पोरी, पूल हलू दे, पाणी हलू दे. बघणारा हलायचा न्हाय.” खडकावर पाटी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, “खडक हलतोय व्हय? कॅमेरा हलला तर पडद्यावर ती पाटी पण हलणार. ती जाग्यावर हाय, म्हणजे आपण खरं.”

उसाचे ट्रक जाताना आम्ही चित्रण केलं आणि कॉलेजच्या टीव्हीवर कॅसेट थांबवून थांबवून बघितली. बाकीचे गाळे ट्रकखाली दबायचे आणि वर यायचे. तिसरा दबायचा, पण पुरता वर यायचाच नाही. खडकावरची पाटी जागच्या जागी. सरांनी स्वतः काचेवर पट्टी धरून पाहिलं. “तिसरा गाळा बसत चाललाय. जड गाड्या बंद कराय पायजेत.” आणि अख्खी मूठ भरून काजू माझ्या ओंजळीत! त्या दिवशी मी जमिनीवर नव्हते.

मग पुलाचं ठरवायला साहेब लोकांची बैठक झाली. ऊस ऐन भरात होता, पूल बंद व्हायला कुणालाच नको होता. शिवाय कॉलेजात प्राचार्यांची खुर्ची रिकामी होती आणि ती कुणाला द्यायची, हे तिथंच बसलेली माणसं ठरवणार होती. हे मला नंतर कळलं. सर उठले, नेहमीसारखे ताठ. “सदर चित्रीकरणात कॅमेरा किंचित हलल्याचे आढळते. त्यामुळे निष्कर्ष ग्राह्य धरता येणार नाही.”

कॅमेरा मी लावला होता. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठून म्हटलं, “सर, खडकावरची पाटी हलली नव्हती. तुम्हीच बघितलंत.” ते माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाले, “मॅडम नवीन आहेत. उत्साहाच्या भरात असे होते.”

मॅडम! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सर प्राचार्य झाले. आणि मला पोरांनी ‘हलत्या मॅडम’ नाव पाडलं. जिन्यात मागून हळूच ऐकू यायचं. सरांच्याही कानावर जात असणारच की! अंगाचा तिळपापड व्हायचा, रडू यायचं. खिशात हात घालून सर समोरून आले की अजून माझा हात पुढे व्हायला बघायचा, त्याचा तर जास्तच संताप यायचा.

पुढे काही वर्षांनी तिसरा गाळा नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका खचला आणि पूल बंद झाला. नशीब, कुणाचा जीव गेला नाही. आमच्या कॅसेटचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

सरांच्या निरोप समारंभाला मी गेले. का गेले, विचारू नका. स्टेजजवळ त्यांनी मला गाठलं, खिशातून दोन काजू काढून हातावर ठेवले.

“पोरी, कॅमेरा हलला नव्हता. मला ठावं हाय.”

“मग तेवढं माइकवर सांगा की, सर.”

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. सर माइकसमोर जाऊन खांबासारखे उभे राहिले आणि म्हणाले, “सर्व सहकाऱ्यांचा मी अत्यंत ऋणी आहे.” अगदी शुद्ध, पुस्तकी. मी काजू खुर्चीवर ठेवले आणि बाहेर पडले.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजून एखादा पोरगा माझ्यासमोर कॅमेरा लावायला लागला की माझ्या तोंडून तेच जातं, तेही त्यांच्याच गावच्या बोलीत: “बघणारा हलायचा न्हाय.” जीभ चावते मी. पण काय करू, त्याच्याहून खरं मला कुणी काही शिकवलेलंच नाही.